नावं संपेपर्यंत

जळगाव
६ ऑक्टोबर २०२५

चि. विधी,

जय जिनेंद्र. घरी सगळे ठीक. मम्मीचा गुडघा आहे तसाच आहे, पण जिना उतरताना आधी ती तुझ्या नावाने हाक मारायची, आता नवकार म्हणते. तुझी वहिनी बरी. आमची पलक तिसरीत गेल्यापासून माझ्याशी हिंदीत भांडते. दुकानात दिवाळीची गर्दी सुरू झाली आहे. डबे, घागरी आणि नाव घालायच्या भांड्यांचा ढीग. नावं कोरणाऱ्या भटूभाऊंचा चष्मा बदलला, त्यामुळे मागच्या आठवड्यातली नावं या आठवड्यातल्या नावांपेक्षा वाकडी आहेत, आणि गिऱ्हाईकं दोन्ही प्रकारची आनंदाने नेतात.

मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. पण तू फोन माझ्या हातात ठेवून महासतीजींबरोबर पायी निघालीस त्याला दोन वर्षं झाली, आणि आपल्या 'वीजपंख' सिनेमाचा चौथा भाग आला आहे. तो पाहून कोणाशीच बोलायचं नाही म्हणजे माझ्यावर अन्याय आहे. संघाचे रुपचंद काका दर आठवड्याला तुमच्याकडे धुळ्याला येतात, त्यांच्या पिशवीत हे टाकतोय. महासतीजींना वाचून दाखवलंस तरी हरकत नाही, यात एका राक्षसाचं डोकं उडतं तेवढंच काय ते वाईट आहे.

तर ऐक. रंग पहिल्या भागासारखे झाले आहेत, हाताने रंगवल्यासारखे. तिसऱ्या भागात सगळं चकचकीत प्लास्टिक होतं, ते गेलं. उडण्याचे सीन सुरेख. पण मारामारी पुन्हा अंधारात! एवढा खर्च करून पंख काढायचे आणि मग दिवे घालवायचे, हे कुठलं शहाणपण? खलनायक बोलतो फार. आपल्या धर्मेशमामासारखा, मुद्द्यावर येईपर्यंत समोरच्याचा धीर सुटतो. आणि माझी जुनी तक्रार आहेच. शहर दर भागात पडतं, आणि पुढच्या भागात जसंच्या तसं उभं. झाडतं कोण? काचा कोण उचलतं? ते कधी दाखवत नाहीत.

दुसरं म्हणजे वीजपंखची बहीण. चार भाग झाले, ती अजून खिडकीतच उभी आहे. तो जग वाचवायला निघतो, ती म्हणते "सांभाळून जा", आणि संपलं. तिला कोणी विचारलं का, तुझं काय? तू लहानपणी म्हणायचीस की दादा, तिचा वेगळा सिनेमा काढायला हवा. तुझं बरोबर होतं. तेव्हा मी हसलो होतो.

पडद्यावरची नावं संपेपर्यंत बसलो. शेवटी एक छोटा सीन आहे, तो सांगत नाही. तुला काय वाटतं ते लिही.

हो, एक राहिलंच. रुपचंद काकांनी मागच्या महिन्यात तो दीक्षेच्या आज्ञेचा कागद आणून दिला होता ना, त्यावर चहा सांडला. काऊंटरवरच होता, सांडला. दुसरा पाठवायला सांग. घाई नाही.

तुझा दादा


जळगाव
२४ ऑक्टोबर

चि. विधी,

जय जिनेंद्र. तुझं पत्र आणि नवा कागद, दोन्ही पोचले. पत्र अर्धं पान आणि कागद पूर्ण पान, असं कसं? तू लिहिलंस की वीजपंखच्या बहिणीला खिडकीतून बाहेर काढलं तर त्याच्या घरी कोणी उरणार नाही, म्हणून ते काढत नसतील. हे मला सुचलं नव्हतं. तीन दिवस दुकानात तेच डोक्यात होतं.

काल भाऊबीज झाली. पाट मांडला होता, सवयीने. मम्मीने उचलून ठेवला. मग पलक म्हणाली, मी ओवाळते, आणि तिने ओवाळलं. तिला ओवाळणी काय हवी विचारलं तर म्हणाली सिनेमा. म्हणून दुपारी तिला घेऊन गेलो, आणि तिथे माझी पुरती शोभा झाली.

तुला आठवतं, मी जगाला सांगत असतो की चित्रांचा सिनेमा म्हणजे पोरांचा सिनेमा नव्हे. अर्ध्या जळगावला मी हे ऐकवलं आहे. तू नऊ वर्षांची असताना सिनेमाला नेण्याआधी मी एकेका सिनेमाची चौकशी करायचो, त्यात काय आहे, किती रक्त आहे. आणि काल पोस्टरवर डोंगर आणि मोठा पक्षी पाहिला, तिकिटं काढली आणि आत शिरलो. 'राख का दरवाजा'. दारावरच्या माणसाने अडवलं. आपल्या गावाकडचाच असावा.

"भाऊ, हाई पोरेसनं नही शे. सोळा वरीसना वर शे."

मी काय म्हणालो असेन? "अहो, कार्टूनच आहे ना!" मी! हे वाक्य माझ्या तोंडून! तो माझ्याकडे बघतच राहिला आणि बाजूला झाला.

सिनेमा मोठ्यांचाच आहे, आणि मोठ्यांचा म्हणून फार चांगला आहे. एका डोंगरापलीकडे एक दार आहे, ते उघडलं तर सगळं जग राख होईल. ते सांभाळायला घर सोडून जाणारी माणसं लागतात. एका कुंभाराच्या मुलीला जायचं असतं. तिला कोणी नेत नाही, पळवत नाही, तिच्या अंगात कुठली शक्तीही नाही. तिला फक्त जायचं असतं. हे मला पटलं नाही आधी. सुपरहिरोला निदान वीज तरी लागलेली असते, काही कारण असतं. हिला काय झालं होतं? घरी खायला होतं, प्रेमाची माणसं होती.

तिचा मोठा भाऊ तिला अडवायला काय करतो, तर ती निघायच्या दिवशी तिचे बूट लपवून ठेवतो. बस, एवढंच. शिव्या नाही, मारणं नाही. आणि ती अनवाणीच निघते. बर्फात तिच्या पावलांना रक्त येतं ते इतकं खरं काढलंय की पलक माझ्या कुशीत शिरली. दिग्दर्शकाने तिथे भावाचा चेहरा असा काळा रंगवलाय की सगळ्या थेटरला तो खलनायक वाटावा. मागे बसलेला एक जण बोललाही, "कसा भाऊ आहे हा." मला राग आला. अरे, त्याने लहानपणी तिला खांद्यावर बसवून नदी ओलांडली तो सीन तुम्हीच दाखवलात ना मगाशी? त्याला एक वाक्य द्यायला काय जात होतं?

मध्यंतरात पलक रडायला लागली म्हणून उठलो. म्हणजे पलकमुळेच उठलो असं मी वहिनीला सांगितलं आहे. पुढचं पाहिलं नाही. माझ्या आयुष्यात अर्धा सोडलेला हा पहिला सिनेमा.

कागद सवडीने करतो. दिवाळीत पेनं कुठे जातात कळत नाही. रुपचंद काकांनी दोनदा आठवण करून दिली. पौर्णिमेला चातुर्मास संपला की तुम्ही धुळे सोडणार, त्याआधी कागद संघाकडे पोचला तर शिंदखेड्याला मार्गशीर्षात दीक्षा, नाहीतर पुढच्या वर्षावर, हे त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मला माहीत नाही. मम्मीने तर नवा कागद आला त्याच दिवशी सही करून दिली आहे. आता पप्पा नाहीत म्हणून माझी लागते. पुढच्या वर्षी झालं तरी काय बिघडतं, असं मी त्यांना म्हणालो. ते म्हणाले, "जिनेश, हे तू तिला विचार." विचारतोय असं समज.

तुझा दादा


जळगाव
३१ ऑक्टोबर

विधी,

तुझी चिठ्ठी काल मिळाली. पुढच्या वर्षाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. फक्त एवढंच: "दादा, तू त्या भावाची एवढी बाजू घेतलीस, पण त्याने नंतर बुटांचं काय केलं ते सांगितलं नाहीस."

मला ठाऊकच नव्हतं. म्हणून आज दुपारी भटूभाऊंवर दुकान सोडून पुन्हा गेलो, एकटाच. थेटरात आम्ही नऊ जण होतो. पूर्ण पाहिला.

दाराचा भाग उत्तम आहे. राख खाली पडत नाही, वर जाते, असं चित्र मी आजवर पाहिलं नव्हतं. मुलगी म्हातारी होईपर्यंत तिथे राहते आणि तिला कंटाळलेली एकदाही दाखवलेली नाही. मला वाटलं होतं ती शेवटी रडेल, घर आठवेल, परत येईल. तसं काही नाही. ती तिथे खूश असते, विधी. साधी, रोजच्या कामातली खुशी. तीच मला बघायला जड गेली. ती दुःखी असती तर माझी बाजू खरी ठरली असती.

आणि भाऊ? भाऊ पुन्हा दिसतच नाही. तो बूट लपवतो, ती निघून जाते, आणि सिनेमा त्याला विसरून जातो. मी नावं संपेपर्यंत बसून राहिलो, म्हटलं शेवटच्या सीनमध्ये तरी येईल. रंगवणारे, आवाज देणारे, चहापाणी बघणारे, सगळ्यांची नावं वर गेली. मग पडदा काळा झाला आणि दिवे लागले. झाडू घेऊन एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पिक्चर सरना. उठा आते."

तुला आठवतं का हे वाक्य? तू सात वर्षांची होतीस, मी सतरा. जुन्या थेटरात सिनेमा संपला की लोक धावत बाहेर, दारवान हेच ओरडायचा, आणि मी तुझा फ्रॉक धरून तुला खाली बसवायचो. "थांब, अजून एक सीन असतो." तुला लघवीला लागलेली असायची, भूक लागलेली असायची, तू पाय हलवत बसायचीस, पण मी "चल" म्हटल्याशिवाय कधी उठली नाहीस. कितीतरी वेळा नंतर काहीच नसायचं. तू एकदाही म्हणाली नाहीस की दादा, तू उगाच बसवलंस.

आता जे लिहायला इतके दिवस लागले ते लिहितो. पहिल्या कागदावर चहा सांडला नव्हता. मी तो फाडला. आधी मधोमध, मग चार तुकडे. भटूभाऊंनी पाहिलं. त्यांनी तुकडे उचलून कल्हईच्या भट्टीत टाकले आणि ते मला म्हणाले, "भाऊ, चहा ली येऊ का?" तेव्हाच मला चहाचं सुचलं. माझ्या खोटेपणाची कल्पनाही माझी स्वतःची नाही.

मला भीती वाटते, ती वेगळ्याच गोष्टीची. तू उपाशी राहशील, थंडीत चालशील, त्याचं वाईट वाटतंच, पण ते तू दोन वर्षं करतेच आहेस आणि माझ्यापेक्षा ठणठणीत आहेस. मला भीती वाटते ती मार्गशीर्षातल्या त्या दिवसाची. त्यानंतर तुझं नाव वेगळं असेल, आणि मी तुझ्यासमोर आलो तर हात जोडून वंदना करायची, मांगलिकाचा पाठ ऐकायचा, आणि बाजूला व्हायचं. 'वीजपंख'चा पाचवा भाग आला तर कोणाला सांगू? मी रोज शंभर भांड्यांवर लोकांच्या मुलीबाळींची नावं घालून देतो, आणि रुपचंद काका म्हणाले की दीक्षेला भावाने भिक्षेची लाकडी पात्रं द्यायची असतात, कोरी, त्यावर नाव घालायचं नाही. मी म्हटलं, हो, देईन. मग मागच्या गोडाऊनमध्ये जाऊन रडलो. पप्पा गेले तेव्हाही असा रडलो नव्हतो.

पण मी आज थेटरातून बाहेर पडताना एक ठरवलं. तो सिनेमा भावाला विसरला, म्हणून त्याचा राहिलेला सीन मीच करतो. भाऊ बूट काढतो, पुसतो आणि डोंगराच्या पायथ्याशी नेऊन ठेवतो. ती ते घालणार नाही हे त्याला कळतं. तरी ठेवतो. बूट लपवलेला भाऊ म्हणून राहायचं नाही, एवढ्यासाठी.

कागद सोबत आहे. सही केली आहे. पेन दुकानाच्या गल्ल्यातच होतं, पहिल्या दिवसापासून. रुपचंद काका उद्या सकाळच्या गाडीने धुळ्याला येतील, संघात दुपारी वाचला जाईल. मम्मी, वहिनी, पलक आणि मी शिंदखेड्याला आदल्या दिवशी पोचतो. पात्रं मी स्वतः निवडली आहेत, चांगल्या लाकडाची.

आणि विधी, मी तुला उगाच बसवलं. पुढे सीन नाही, नावंही संपली.

चल, ऊठ.

तुझा दादा

(कागदावर फक्त जिनेश लालचंद एवढंच लिहायचं होतं, दादा लिहायला जागा नव्हती. म्हणून इथे लिहिलं.)