बावीस मिलिमीटरची मूठ

मंगळवार, ४ मार्च

परत तेच! कॉम्प्युटरवर मूठ काढली बावीस मिलिमीटर जाडीची, बाबांनी घासून दिली सव्वीसची. डोळ्यांच्या खाचा होईपर्यंत सुरीचा एकेक बाक जुळवला मी — पातं कुठे वळणार, तोल कुठे येणार, बोट कुठे टेकणार. छापलेलं ड्रॉइंग त्यांच्या हाताशी ठेवून आले. त्यावर चहाचा कप ठेवला होता. कप!

विचारलं तर म्हणे, तुझ्या त्या यंत्राला हात आहे का? घासताना मूठ धरून बघायची, बोटं नीट बसली की थांबायचं. झालं. वर हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बुधवार, ५ मार्च

आजची सत्तावीस.

शनिवार, ८ मार्च

हॉटेलच्या आचारीबाईंनी गेल्या महिन्यात दिलेल्या सगळ्या सुऱ्या परत पाठवल्या. पाती झकास, पण मुठी इतक्या जाड की थोडी भाजी चिरली तरी मनगट भरून येतं म्हणाल्या. आम्ही ड्रॉइंग बघून ऑर्डर दिली होती, हे काय पाठवलंत? कप्पाळ! दुरुस्त करून देते म्हटलं. फोन ठेवून वर्कशॉपमध्ये गेले तर स्वारी शीळ घालत पुढची मूठ घासतेय.

आईही त्यांच्याच बाजूची. त्यांनी जन्मभर सुऱ्याच केल्या म्हणे, तू कालची पोर. कालची पोर! पस्तिशी उलटली माझी. गिऱ्हाईक आणायचं मी, बोलणी खायची मी, आणि शहाणपण यांचं.

रविवार, ९ मार्च

सांगून टाकलं — यापुढे मुठी मी करणार, तुम्ही फक्त पाती बघा. नाहीतर मी दुसरीकडे काम धरते. चेहरा एवढासा झाला त्यांचा. पण "मुठी मीच करणार" म्हणाले आणि पाठ फिरवली. हट्ट तरी किती असावा माणसाने!

मीही त्यांचीच मुलगी. उद्या ओल्या मातीचा गोळा त्यांच्याच हातात देते. घट्ट दाबायला लावते, ठसा मोजते, कॉम्प्युटरवर चढवते. बघू कोण खरं ते!

सोमवार, १० मार्च

गोळा दिला. बाबांनी दातओठ खाऊन दाबला. कपाळावर घाम आला, पण बोटं अर्ध्यावरच थांबली. मातीवर जेमतेम खुणा.

"अजून दाबा ना, बाबा."

"एवढीच मिटतात आता," म्हणाले. "आईला सांगू नकोस."