शेवटी उतरायचा नियम

प्रिय आई,

इथूनच वाकून पाया पडते, पाय मागे घेऊ नकोस.

मी मजेत आहे. पाय मुरगळला होता, पण आता बरा आहे, म्हणून तर सांगतेय. दादाला लगेच फोन करायला लावू नकोस.

पुरात सगळं गाव पार नेणारी इथली जुनी नावाडीण आठवते ना, मागे सांगितलेली? तिच्या स्मरणार्थ शाळेने मला, म्हणजे खेळाच्या बाईंना, नवा खेळ रचायला सांगितलं. मी रचला, आणि झकास रचला! दोन संघ, प्रत्येकाची दोराची एक नाव. दोराच्या आत राहून पळायचं आणि आपली माणसं खेपाखेपाने मैदानापार न्यायची. कर्णधाराने शेवटी उतरायचं.

काल पहिला सामना झाला. आमच्या मुली जिंकत आल्या होत्या, तेवढ्यात समोरच्यांचा दोर तुटला. आमची कर्णधार नाव घेऊन परत फिरली आणि त्यांनाही घेऊन आली! मुख्याध्यापक वैतागले, "अहो बाई, मग जिंकलं कोण?"

"जिच्या नावाने खेळतोय ती," मी म्हटलं.

मग ते म्हणाले, "हे शेवटी उतरायचं कुठे वाचलंत?"

म्हटलं, "आमच्या स्वयंपाकघरात पाहिलंय."

आई, वहिनी सांगत होती, तू अजून सगळ्यांचं झाल्यावरच जेवतेस. गोळी घेऊन तशीच थांबतेस आणि मग चक्कर येते. ते आजपासून बंद. तो नियम फक्त मैदानापुरता आहे.

तुझं, लांबूनही आवाज चढवणारं,
शेंडेफळ