सवतीचं डाळिंब

३ नोव्हेंबर १९९६

आज ह्यांनी तिच्या झाडाला हात लावला!

चार वर्षं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. परसात चिकू आहे, दोन पेरू आहेत, लिंबोणी आहे — त्यांना पाणी मीच घालते. कोपऱ्यातलं ते डाळिंब म्हणजे नुसतं काटेरी जाळं. मी त्यावर फडकी वाळत घालायची. साखर कारखाना अजून सुरू व्हायचाय, म्हणून ह्यांना वेळच वेळ. सकाळी कात्री घेऊन बसले ते जेवायलाच उठले. वाळकं काढलं, बुडातले फुटवे काढले. माझी फडकी गोळा करून ओट्यावर टाकली.

विचारलं, "आजच काय सुचलं?"

"रतननं लावलंय ते."

रतन म्हणजे ह्यांची पहिली, चार वर्षांपूर्वी गेलेली. जसं काही मला माहीतच नव्हतं!

५ नोव्हेंबर

खोडाला किडीनं भोक पाडलंय. ह्यांनी रॉकेलमध्ये कापूस बुडवला, तारेनं आत सारला, वर चिखल लिंपला. किती हळू! परवा माझ्या टाचेत काटा मोडला तेव्हा म्हणाले, "सुई घे आन् काढ."

८ नोव्हेंबर

चहा मागताना मला "रतन" म्हणाले. मग जीभ चावली. मी साखर घातलीच नाही. तसाच प्यायले. कळलंसुद्धा नाही.

१४ नोव्हेंबर

पाडव्याला ओवाळलं, साडी मिळाली. चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पण साडी हातात देऊन हे गेले कुठं, तर झाडाकडं.

सासूबाईंचं सुरूच — "रतनच्या भाकरीला काय पापुद्रा यायचा!" मेल्या म्हशीला मणभर दूध. लग्नात मंगळसूत्राच्या आधी त्यांनी रतनच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. रीतच आहे, पहिली गेली की दुसरीनं घालायचा. घालते. सणाला आधी तिला नैवेद्य, मग माझा घास. तेही करते. जिवंत सवत असती तर चार शब्द भांडता तरी आलं असतं!

१७ नोव्हेंबर

शेजारचे तात्याबा आले होते. त्यांची डाळिंबाची बाग आहे, त्यामुळं ह्यांना त्यांचा शब्द म्हणजे वेद.

"झुंबरराव, आता पाणी तोडा. संक्रांतीपतूर थेंब द्यायचा न्हाय. ताण बसला, पानं गळली, की मग सोडा पाणी. झाडाला वाटलं पायजे, आपलं काय आता खरं न्हाय. तवा कळी काढतंय."

हे म्हणाले, "एकदा फळ धरू दे, तात्याबा. तिच्या हयातीत एक धरलं न्हाय. श्रावणात तिची तिथी असती. पानावर ठेवायचंय."

मी दाराआड होते. हातातलं ताट मुद्दाम आपटलं. कुणी वळून बघितलं नाही.

१८ नोव्हेंबर

कारखाना सुरू झाला. हे पहिल्या पाळीला गेले. सासूबाई दुपारी झोपतात.

दोन बादल्या ओतल्या. वर कोरडी माती पसरली.

नाही गळणार पान. नाही येणार कळी. बघू काय ठेवतात तिच्या पानावर!

१९ नोव्हेंबर

दोन बादल्या.

२५ नोव्हेंबर

दोन. दंड भरून आलेत. हसूही येतं — सवतीच्या झाडाला रोज पाणी घालणारी मीच!

७ डिसेंबर

झाड हिरवंगार. तात्याबा डोकं खाजवतायत. "कुठनं तरी ओल लागतीया."

ह्यांना वाटलं, मोरीचं पाणी झिरपतंय. कामावरून येऊन दोन दिवस चर खणला, पाणी लिंबोणीकडं वळवलं. हाताला फोड आले. मीच हळद-तेल लावलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण फोड कुणापायी आले ते आठवलं आणि उद्याच्या बादल्या पक्क्या केल्या.

१५ डिसेंबर

चार दिवस माहेरी, इंदापूरला होते. आईला सगळं सांगितलं. पाण्याचं सोडून. आई म्हणाली, "मेलेल्या बाईवर जळतीस व्हय गं? ती काय घेनार हाय तुजं?"

काय घेणार! घेऊन बसलीय की.

परत आले तर झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा. मी अजून पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती — "बसला बघ ताण!" म्हणाले. लग्नाला दोन वर्षं झाली, कधी आपणहून चार शब्द बोलले नाहीत. आज बोलले, तर त्या झाडाचं!

कशी आलीस, आई कशी आहे — काही नाही.

१६ डिसेंबर

तीन बादल्या.

२४ डिसेंबर

पानगळ थांबली. हे अर्ध्या जेवणावरून उठले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला. थोडाच.

२९ डिसेंबर

सापडले. आज अचानक पाळी बदलली, हे दुपारीच घरी आले. बादली माझ्या हातात, अर्धी ओतलेली. वाटलं, आता माहेरचा रस्ता.

वाकून ओली माती चिमटीत घेतली. मग म्हणाले, "रतनबी असंच करायची. झाड तहानलेलं तिला बघवायचं न्हाय. ताणात चोरून पाणी घालायची. म्हणून तर कधी फळ धरलं न्हाय."

माझ्या हातातली बादली घेतली, उरलेलं पाणी स्वतःच ओतलं. "ऱ्हाऊ दे फळ," म्हणाले. आणि हसले. माझ्याकडं बघून, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"तुलाबी दया आली, व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."