पाण्याच्या डब्याचा फोटो

३ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, आणि सीटी मशीनची खोली अशी थंडगार की उद्यापासून शाल आणावी लागणार. फोटो वाचून आजार सांगायचा, हे माझं काम. मशीन चालवणारे काका निवृत्तीला टेकलेत, भलतेच गप्पिष्ट. रोज सकाळी ते पाण्याने भरलेला प्लास्टिकचा गोल डबा टेबलावर ठेवून त्याचा फोटो काढतात. पाणी सगळीकडे सारखं करडं आलं की मशीन ठीक. हिरवी खूण उमटली की काका पुढच्या कामाला, फोटो कोणी उघडतच नाही. मी उघडते. आई म्हणते तशी मी जन्माचीच चोमडी.

काकांना माझी गंमतही सांगितली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, सगळ्यांची डावीकडे वळते. माझी उजवीकडे. काका म्हणाले, तरीच तुमचं सगळं उलटं!

५ मार्च, बुधवार

डब्याच्या फोटोत आज पाणी नव्हतं. छाती होती! बरगड्या, एक वाकडा मणका, आणि महाधमनीच्या पांढऱ्या गोलात आडवी काळी रेघ. म्हणजे आतलं अस्तर फाटलंय, रक्त भिंतीत घुसलंय. अशा माणसाला फार वेळ नसतो. कालच्या कोणाचा तरी फोटो राहून गेला असणार. काकांवर चांगलीच उखडले. असला कचरा दिसला की मला न विचारता पुसून टाकत जा, म्हटलं. त्यांनी निमूटपणे पुसला.

दुपारी एका शिंप्याला आणलं. पाठीत कोणी कात्री चालवतंय म्हणत होता. त्याचा फोटो पडद्यावर आला. तोच वाकडा मणका, तीच रेघ. ऑपरेशनच्या टेबलापर्यंतही पोचला नाही बिचारा.

७ मार्च, शुक्रवार

पुन्हा छाती. या वेळी काकांना हात लावू दिला नाही, फोटो जपून ठेवला. सर्जनबाईंना सांगितलं, असा पेशंट येतोय, तयारीत राहा. ज्योतिष कधीपासून शिकलीस, म्हणून त्या हसल्या, पण तयारीत राहिल्या. एक शाळेतल्या बाई आल्या. तीच चीर, तिथेच. वाचल्या! सगळे माझी पाठ थोपटत होते. मी मात्र तो जपलेला फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.

१० मार्च, सोमवार

आजच्या फोटोतली महाधमनी उजवीकडे वळते.

रेघ वळणापासूनच सुरू होते. आई गं. धावत सुटले, सर्जनबाईंचा हात धरून म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझा सीटी काढा.

टेबलावर आडवी झाले. रंगाचं इंजेक्शन अंगभर गरम गरम पसरलं. काचेपलीकडून काकांनी पडदा माझ्याकडे वळवला. बरगडी नाही, हृदय नाही. सगळं सारखं करडं. पाणी. खाली हिरवी खूण.

पुन्हा काढला. पाणी.

मशीन बिघडलंय म्हणे. घरी जाऊन झोप म्हणे. झोपतेय कसली!

११ मार्च, मंगळवार

दुरुस्तीवाला म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. सोनोग्राफीतही मी पाणीच.

दुखायला लागलंय. दोन खांद्यांच्या मध्ये — फाटतंय. उजवा हात बधिर, नाडी लागत नाही. डाव्याने लिहितेय.

सर्जनबाई हात धुऊन उभ्या आहेत. कुठून कुठवर फाटलंय ते दिसल्याशिवाय छाती कशी उघडू, विचारतायत. बरोबर आहे त्यांचं. मीही हेच विचारलं असतं.

म्हटलं, कालचा डब्याचा फोटो बघा, तो माझाच —

काका रडतायत. कालच पुसला म्हणे, मी धावत बाहेर गेले तेव्हाच. तुम्हीच सांगितलं होतं ना, न विचारता —

डबा पुन्हा ठेवला. पाणी. नुसतं पाणी.

शिंप्याचा पुसला होता. शाळेतल्या बाईंचा ठेवला होता. आणि माझा —

आईला फोन लावा कोणीतरी, मला भीती वाट