दोन पाठी

प्रिय अस्कोंदास,

अक्षर बघूनच तुला कळलं असेल की हा काफिसियास. सरोवराच्या काठी, ओल्या चिखलात, बोरूच्या काडीनं तू मला जेवढी अक्षरं काढायला शिकवलीस तेवढ्याच पुंजीवर माझं अजून चाललंय. तू गुरुजींकडून येताना रोज एखादं नवं अक्षर आणायचास आणि त्याच्या बदल्यात मी तुला बुळबुळीत वाम मासा धरायला शिकवायचो. राहिलेली अक्षरं मला इथं नॅक्सोस बेटावर एका खलाशानं शिकवली. तुला मात्र मासा शेवटपर्यंत धरता आला नाही. हाताला लागला रे लागला की "सुटला, सुटला!" म्हणून तूच आधी ओरडायचास, आणि मग तो सुटायचाच. आमची मेलिता काठावर बसून हसायची. "ह्याला मासा नकोच आहे, ह्याला नुसतं ओरडायचंय," म्हणायची. आठवतं, तेव्हा तिनं आणि मी शाल डोक्यावर घेतली की मागून कोण कोणतं हे आमच्या आईलासुद्धा कळायचं नाही? आई तिला हाक मारायची आणि मी वळायचो. तू मात्र दरवेळी बरोबर ओळखायचास. कसं ते तू कधी सांगितलं नाहीस.

तुझे वडील, आमचे काका, गेल्याचं वास्तियासकडून कळलं. आपला बोरू विकणारा वास्तियास रे. हिवाळा सरून समुद्र होड्यांना खुला झाल्याबरोबर पहिल्याच होडीनं तो इकडे आला, पाव्याला लागणारे बोरू घेऊन. धक्क्यावर आधी त्याचा आवाज ऐकू आला, मग तो दिसला. मला मिठी मारली, माझे हात उलटसुलट करून बघितले आणि चारचौघांत म्हणाला, "काय रे, घरची काजळी इथंही फासून घेतलीस?" सगळे हसले. मीही हसलो, पण खरंच आहे ते. उत्सवात आमच्या घरच्या पुरुषांनी तोंडाला काजळी फासायची, मळके कपडे घालायचे, कडेला मान खाली घालून उभं राहायचं आणि गावातल्या पोरांनी आम्हाला "ए काजळे" म्हणून खडे मारायचे. ते नको म्हणून मी ऑर्कोमेनस सोडलं. आणि इथं काम मिळालं ते कसलं, तर दारूच्या सुरयांना आतून उकळती राळ फासायचं. कोपरापर्यंत काळा झालोय. तेलानं घासलं, राखेनं घासलं, निघत नाही. एका जागी टिकत नाही म्हणून तू मला हसायचास ना? इथं राळेनंच धरून ठेवलंय म्हण.

काकांचं ऐकून वाईट वाटलं. खरं सांगतो, देवाच्या उत्सवाची मला कधी भीती वाटली नाही ती त्यांच्यामुळं. आपला शेजार म्हणजे काय शेजार! तुमच्या घराण्यानं तलवार उपसून धावायचं, आमच्या घराण्याच्या लेकींनी पुढं पळायचं, आणि जी तावडीत सापडेल तिला मारायचा तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क. पण काका धावायचे ते कसे! पोट सावरत, वहाणा फटफटत. तलवार इतकी गंजलेली की म्यानातून निघायचीच नाही. मग ते म्यानासकट ती हवेत फिरवायचे आणि आमची देक्सो आत्या, गुडघे धरलेली, मुद्दाम मागं राहून म्हणायची, "पुजारीबुवा, मी थांबू का जरा? दम घ्या." काका तिच्या पाठीला म्यान टेकवायचे, लोक हसायचे, आणि आत्या दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळ्यांना सांगायची की यंदाही मीच मेले.

आता पुजारीपण तुझ्याकडे आलं, आणि वास्तियास म्हणतो, तू तलवार लोहाराकडे दिलीस. गंज काढून घेतलास, नवी मूठ बसवलीस, धार लावून घेतलीस. लोहारानं म्हणे धार बघायला एक लोकरीचा पुंजका वरून सोडला आणि तो पात्यावर पडून दोन झाला. वास्तियास हे सांगत होता तेव्हा माझ्या हातात राळेचा कुंचला होता. तो तसाच सुरईत पडला. मुकादम ओरडला, "ए ऑर्कोमेनसकर, त्या सुरईत काय, गावाकडचा मासा दिसला का?"

वास्तियासला मी खोदून खोदून विचारलं. दोन हंगाम आपल्याकडच्या वेली सडतायत, हे त्यानंच सांगितलं. घड धरतात आणि काळे पडून गळतात. गाव म्हणतंय, देवाची इतकी वर्षं थट्टा केली, म्हातारा पुजारी आणि म्हातारी बाई मिळून देवासमोर तमाशा करायचे, देव कुठवर ऐकून घेईल? आणि तू गप्प बसून ऐकतोस. दिवसभर देवळात असतोस, कुणाशी बोलत नाहीस, दारूत पाणीसुद्धा घालत नाहीस म्हणे. अस्को, तू वाईट माणूस नाहीस, म्हणूनच मला भीती वाटते. वाईट माणूस लोकांना घाबरून ऐन वेळी थांबला असता. तू मनापासून मानतोस. अक्षरं शिकवतानासुद्धा एखादी रेघ वाकडी आली तर पुसून पुन्हा काढायला लावायचास.

एक सांगू? ती जुनी गोष्ट आपण दोघांनी दोन तोंडांनी ऐकली. तुमच्या घरात ती तिघी बहिणींच्या, म्हणजे आमच्या घराण्याच्या मूळ बायकांच्या, माजापासून सुरू होते. देवानं, डायोनिससनं, सगळ्या बायकांना डोंगरावर बोलावलं, सगळ्या गेल्या, ह्या तिघी मात्र मागावर बसून राहिल्या, आम्हाला काम आहे म्हणाल्या. मग मागावर वेल चढला, छतातून दारू ठिबकली, तिघींना वेड लागलं. काका ही गोष्ट सांगायचे तेव्हा तुझे डोळे मोठे व्हायचे. आमच्या घरात देक्सो आत्या ती हिपासोसपासून सुरू करते. "एक पोरगं होतं," म्हणते. "आईच्या मागाखाली बसून लोकरीच्या गुंड्यांशी खेळायचं. त्याला अंजीर फार आवडायचे." अंजिराचं तिनं पदरचं घातलं असावं. पण मला त्या गोष्टीतलं तेवढंच लख्ख आठवतं. "मग देवानं त्याच्या आईला आई राहू दिलं नाही. कुणाचं पोर द्यायचं म्हणून तिघींनी चिठ्ठ्या टाकल्या, त्याच्या आईचं नाव निघालं, आणि त्यांच्या हातून त्या पोराचे तुकडे झाले." एवढं बोलून आत्या उठते आणि चुलीशी काहीतरी करत बसते. मी लहानपणी विचारायचो, "आत्या, मग आपण वाईट की देव वाईट?" ती म्हणायची, "आपण पळणारे. बाकीचं ज्यांच्या हातात तलवार आहे त्यांना विचार." मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारतोय. ज्या पापात एक पोर मेलं, ते फेडायला अजून एक पोर मारायचं, हे तुला देवाच्या तोंडून ऐकू आलंय का?

इथं बेटावर आपल्याच देवाचे दोन मुखवटे आहेत. एक द्राक्षाच्या खोडाचा, दुसरा अंजिराच्या लाकडाचा. खोडाच्या मुखवट्यासमोरून मी मान वळवून जातो. ओठ उघडे, डोळे कुठंच बघत नाहीत. अंजिराचा शांत आहे, जेवून ओसरीवर बसलेल्या माणसासारखा. सुरुवातीला मला वाटायचं हे दोन देव. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "देव एकच रे बाबा. दारूत पाणी घातलं की हा अंजिराचा, नाही घातलं की तो खोडाचा." मुकादम शिव्या फार देतो, पण हे त्याचं मला पटलं. ही गोष्ट मला तिथं असताना कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आपल्या देवळात एकच चेहरा आहे, दुसरा कुठं गेला कुणास ठाऊक. काकांच्या पोटात होता बहुतेक.

आता मेलिताचं. लिहू की नको, असं करत इथपर्यंत आलो. तू काकांपुढं लग्नासाठी तिचं नाव काढलंस तेव्हा मी तुमच्या दाराबाहेर मासे घेऊन उभा होतो. काका रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "वर्षातून एकदा जिच्यामागं तलवार घेऊन धावायचं, तिच्या हातचं रोज कसं खाशील बाळा?" मी मासे उंबऱ्यावर ठेवून निघून आलो. मेलिताला मी सांगितलं नाही, पण तिला कळलंच. कसं ते ती जाणे. तेव्हापासून उत्सवात ती तुमच्या घराकडे बघत नाही. तिला सोयरिकी आल्या. एकाला ती म्हणाली तुझे पाय वाकडे, दुसऱ्याला म्हणाली तुझी आई वाकडी. आई रडून थकली.

वास्तियासकडे तिनं माझ्यासाठी निरोप दिला. तो तिच्याच आवाजात म्हणून दाखवला त्यानं, हात कमरेवर ठेवून. "दादाला सांग, यंदा मी पळणार नाही. चालत जाईन. त्या पुजाऱ्याला मला मारायचंच असेल तर मारू दे, उगाच दम कशाला लागू द्यायचा त्याला?" धक्क्यावरची माणसं पुन्हा हसली. मला हसू आलं नाही. तुला माहीत आहे, ती बोलते तसं करते. आत्यानं तिला समजावलं, आईनं पाया पडून समजावलं. घरात कोंडून ठेवावं तर आमच्या लेकी उत्सवाला आल्या नाहीत म्हणून गाव दार फोडेल. तू सगळ्या गावादेखत धार लावलीस, तिनं सगळ्या गावादेखत चालते म्हणून सांगितलं. आता दोघांपैकी कुणालाच मागं फिरता येत नाही. तिला वाटतं तू मारणार नाहीस. तुला वाटतं ती पळेल. दोघंही एकमेकांच्या भरवशावर उभे आहात, आणि मधे ती तलवार.

दोन दिवस मी काही खाल्लं नाही. मुकादम म्हणाला, "प्रेमात पडलास का मेल्या?" मी त्याला सुट्टी मागितली. तो म्हणाला, ह्या खेपेच्या सुरया पुऱ्या कर आणि जा, पण परत आलास तर जागा असेल असं समजू नकोस. मी म्हटलं, बरं.

तर हे पत्र कशासाठी लिहिलं ते ऐक. तुझ्या हातापाया पडायला नाही. पडलो असतो, पण देवाच्या कामात तू माणसाचं ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. वास्तियास उद्या हे पत्र घेऊन निघतोय, मी त्याच्या मागच्या होडीनं येतोय. कडेला उभ्या काजळीवाल्या पुरुषांत मला शोधू नकोस, मी तिथं नसेन. मेलिता चालणार आहे ना, तिच्या बाजूनं मीही चालेन. तिच्यासारखीच शाल डोक्यावरून ओढून, तिच्यासारखेच हात शालीत गुंडाळून, म्हणजे राळ दिसायला नको. आत्या कपडे देईल, नाही म्हणणार नाही. आमची उंची अजून एकच आहे. बाकीच्या पळून जातील, मागं आम्ही दोघंच राहू. उत्सवाच्या जेवणानंतर बायका एकमेकींना कोडी घालतात, तसं हे माझं तुला कोडं. दोन पाठी आहेत, दोन्ही तुझ्यापुढं चालतायत, दोन्ही वळून बघणार नाहीत. एकीचं नाव तू तुझ्या वडिलांपुढं काढलं होतंस. दुसरीनं तुला मासे धरायला शिकवलं आणि तुला ते कधी जमलं नाही. लहानपणी तू दरवेळी बरोबर ओळखायचास. यंदा तलवार उचलायच्या आधी ओळख. आणि ओळख पटली नाही, तर तुझ्या त्या जुन्या सवयीनं "सुटला" म्हणून ओरड. देवाला काय वाटायचं ते वाटू दे, आम्हाला ऐकू येईल.

तुझाच,
काफिसियास