मागून म्हणणाऱ्यांचं गाणं

आप्पा, एकादशीचं भजन अजून चालू आहे, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा जीव टांगणीला लागायचा नाही. पण ते कसं चालू राहिलं हे कळलं तर तुम्ही असाल तिथे उठून बसाल. मी तर अजून सुन्नच आहे. आपल्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कॉफीचा फिल्टर मागतं आणि मी समई काढून पुढे ठेवतो. लोक म्हणतात, वयच झालं. वयाचं नाही हो, हा धक्का आहे.

तुमच्यामागे मठात मी पुढे बसून गात आलो, शिकलो काही नाही, तुमच्या पाठीशी बसून कानात साठलं तेवढंच. मागून म्हणणारे मात्र गळत गेले. कुणी चेन्नईला मुलाकडे गेलं, कुणी वर गेलं. गेल्या खेपेला मी ओळ टाकली आणि मागून नुसता टाळ वाजला. सुंदरपेरुमाळ कोयिलहून बसनं येणारे आपले मामा, तुमच्या वेळेपासून टाळ धरणारे, त्यांना दम लागला होता, म्हणायला तोंड उघडेना. पुढच्यानं म्हणायचं आणि मागच्यांनी ते परत द्यायचं, एवढ्यावर तर आपलं भजन उभं. परत देणारंच कुणी नसेल तर मी एकटा बसून काय करू? घरी येऊन म्हणालो, आता पुरे, मठाची किल्ली देऊन टाकतो.

तेव्हा तुमची पणती पुढे आली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. इथल्याच कॉलेजात शिकते, तिथल्या कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या ताफ्यात, गाते. म्हणाली, "आजा, माझ्या मैत्रिणींना घेऊन येते मी मागून म्हणायला. पण आमच्या पद्धतीनं म्हणू." कसली पद्धत म्हणून विचारलं, तर रविवारी जेवणं झाल्यावर मला टीव्हीपुढे बसवलं. "बघ. कॉयरचे सिनेमे सगळे असेच. एक बघितलास की सगळे बघितलेस."

परदेशातली कुठलीशी शाळा. मुलं ओळीत उभी राहून जुनं शास्त्रीय गाणं म्हणतायत, आणि शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा. मुलं कंटाळलेली, पालक जांभया देतायत. मग एक तरुण बाई येते, आजचं नाचरं पॉप गाणं आणते, मुलांच्या अंगात जीव येतो, स्पर्धा होते आणि सगळं सभागृह उठून उभं राहतं. मग तिनं दुसऱ्या दोन सिनेमांचे तुकडे दाखवले. तेच! जुनं गाणं म्हणजे आजारी माणूस आणि नवं गाणं म्हणजे औषध. जगभरच्या माणसांनी बसून हे ठरवलंय की काय, मला कळेना.

पण आप्पा, मला पहिला धक्का बसला तो त्या आजारी गाण्याचाच. ती कंटाळलेली पोरं चार वाटांनी गातायत, वर एक, खाली एक, मध्ये आणखी दोन, आणि कुणाच्या पायात कुणाचा पाय येत नाही. चार नद्या एका पात्रातून वेगवेगळ्या वाहाव्यात तसं. असं काही असतं हे मला या वयात कळावं! माझे डोळे भरून आले तर ही म्हणते, "अय्यो आजा, हा बोअरचा भाग आहे! गाणं पुढे आहे."

पुढचं गाणं आलं. एक मुलगी माईक घेऊन पुढे, बाकीची मागे हात हलवत नुसती 'ऊ ऊ' करतायत. मी भडकलो. "मागच्यांच्या तोंडचे शब्द काढून घेतले की हिनं! हे काय गाणं झालं? एक गाते आणि बाकीचे पडद्यासारखे हलतायत."

"मग आपल्या मठात काय होतं?" ती म्हणाली. "तू पुढे, आम्ही मागे. सोपी ओळ, पुन्हा पुन्हा, टाळ्या वाजवत. बायका उठून नाचतात पण. त्या जुन्या गाण्यात तर कुणी खोकायचं पण नाही. आजा, आपलं भजनच पॉप आहे, तुला कळलं नाही इतकी वर्षं."

आतून सून हसली. मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो.

तिथे मला तुमचा तो दिवस आठवला. मठात मोठे विद्वान आलेत, कचेरी म्हणजे गाण्याची मैफल गाजवणारे, आणि तुम्ही मानानं त्यांना पुढे बसवलंय. ते नामावळी घेतात आणि त्यावर असा काही राग फुलवतात की दिवे हलायचे थांबावेत. मागे बसलेत आपले लोक, भांडी ठोकणारे, स्वयंपाकी, फुलं विकणाऱ्या बायका, सगळे चिडीचूप. तुम्ही टाळ खाली ठेवता आणि हात जोडून म्हणता, "अण्णा, थोडं आमच्यासाठी पण ठेवा." ते रागावले, प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल न घेताच गेले. घरी आल्यावर आईनं स्वयंपाकघरातून तुम्हाला धारेवर धरलं, पाहुण्याला असं बोलतात का म्हणून. तुम्ही पाटावर बसता बसता म्हणालात, "ते गात होते गं. भजन थांबलं होतं."

म्हणजे तुमच्या लेखी प्रश्न जुन्या-नव्याचा नव्हताच. मी अंगणात उभा राहून मनाशी म्हणालो, मग मी कुणाच्या बाजूचा?

मामांना सांगितलं तर ते उसळले. "पोरी चार वाटांनी म्हणणार? विठ्ठल एकच आहे ना रे? मी येत नाही." पण एकादशीला बसमधून उतरले, पिशवीत पालेभाजी घेऊन. "टाळ धरतो. ऐकणार नाही," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

पोरी आल्या, केसात मोगरा माळून, चपला नीट ओळीत लावून बसल्या. मी ओळ टाकली. आप्पा, ती परत आली तेव्हा माझी ओळखूच येईना. एक आवाज माझ्याच वाटेनं, एक त्याच्या खालून, एक वरून, सगळ्यांच्या तोंडात पुरे शब्द, विठ्ठलाचं नाव तेवढंच पण मठभर. मी दिलं होतं वाटीभर, आणि परत आली घागर. दारात उभ्या बायका आत येऊन बसल्या. मामांचा टाळ क्षणभर चुकला. त्यांचा टाळ मी जन्मात चुकलेला ऐकला नव्हता. मग त्यांनी तो पुन्हा धरला आणि हळूच भिंतीकडची मान वळवली.

पुढची ओळ तुमच्या पणतीनं टाकली. तिथून शेवटपर्यंत तीच गायली, मी मागून म्हणत राहिलो. आता बाजारात जो तो मला थांबवून सांगतो, केवढं मन तुमचं, स्वतःहून मुलीच्या हातात दिलंत. मामा पण बसस्टॉपवर म्हणाले, "तुझ्या बापाला जमलं नसतं ते तू केलंस." मी मान डोलावली. पानवाल्यानं तर पानाचे पैसे घेतले नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तेवढं इथे लिहून ठेवतो. दुसऱ्या ओळीला त्यांना थांबवायचं, चांगलं झापायचं आणि आपल्या सरळ पद्धतीनं म्हणायला लावायचं, हे मी घरूनच ठरवून गेलो होतो. ते राहिलंच. ओळ मी दिली नाही, आप्पा. मला ती आठवेना, म्हणून तिनं उचलली.