तुसाच्या ढिगातली हाक

मामंजी, तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की तुमचा आवाज आठवणारी घरात आता मी एकटीच उरले आहे. म्हणून हे तुम्हालाच लिहिते. त्या दुपारी गिरणीत काय झालं ते आपण दोघांनी घरात कधी नीट सांगितलं नाही. तुमच्या मुलाला एवढंच ठाऊक होतं, की ढिगात पडलेली एक बाई तुम्ही वाचवलीत आणि त्यानंतर तुमची नोकरी गेली. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं.

मी बेळगावहून लग्न होऊन चामराजपेटेत आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीच त्या तापाने गेल्या होत्या. पुढच्या खोलीत त्यांचा एक फोटो होता, नऊवारी नेसलेल्या, खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेल्या. घरात दुसरी बाई नाही, त्यामुळे स्वयंपाकघर तुम्हीच माझ्या ताब्यात दिलंत. तुमच्याकडे तुसाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भाताचा तूस भरायचा, बाटली अलगद वर काढायची, आणि उरलेल्या भोकातून खाली विस्तव लावायचा. पहिल्याच दिवशी मी तूस इतका ठासून भरला, की घर धुराने भरलं आणि शेजारच्या अक्का धावत आल्या. तुम्ही खोकत म्हणालात, "सूनबाई, आग माणसासारखीच असते. स्वल्प वारा द्यावा लागतो. गुदमरवलीस तर मरत नाही, आत दबून राहते. ते जास्त वाईट." तेव्हा मी ओशाळून मान खाली घातली. ते वाक्य पुढे इतक्या वेळा आठवेल, असं वाटलं नव्हतं.

तुम्ही म्हैसूर रस्त्याकडच्या भाताच्या गिरणीत पॉवरहाउस सांभाळत होता. तुमचं पोट नाजूक, म्हणून दुपारचं गरम जेवण घेऊन मी रोज तिकडे यायची. गिरणीची वीज गिरणीतच तयार होते याचं मला फार नवल वाटायचं. तुम्ही जेवता जेवता समजावून सांगायचात, मोठ्याने ओरडून, कारण इंजिनाशेजारी इतकी वर्षं काढून तुमचे कान जवळजवळ गेले होते. भात भरडला की तांदूळ बाजारात जातो आणि तूस आपल्याकडे येतो. तो पन्हाळीतून भट्टीत सतत सांडत ठेवायचा, कारण तूस हलका, भर्रकन जळून जातो. वरच्या बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते. कोंडलेली वाफ इंजिनाचा दट्ट्या ढकलते, दट्ट्या ते भलंमोठं चाक फिरवतो, चाकावरचा पट्टा डायनामो फिरवतो. डायनामोच्या आत तांब्याची तार आणि लोहचुंबक. "वीज आगीत नसते, पाण्यातही नसते," तुम्ही म्हणायचात, "ती फिरण्यातून येते. आग नुसती फिरवायला लागते." दमलेली वाफसुद्धा तुम्ही वाया जाऊ देत नव्हता. ती पुढे भात उकडायला जायची. मी म्हणाले होते, म्हणजे भातच भाताला शिजवतो. तुम्ही इतके हसलात, की फायरमन आत डोकावून गेला.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. धरणांत पाणी नाही म्हणून शहराची वीज सारखी जाऊ लागली, आणि गिरणीच्या मालकाने आमच्या गल्लीला पॉवरहाउसची एक तार दिली. संध्याकाळी सगळं चामराजपेट काळोखात आणि आमच्या ओसरीवर तो पिवळा दिवा. पण तो स्थिर कधीच नसायचा. इंजिनाच्या ठोक्याबरोबर हलका मंद व्हायचा, पुन्हा फुलायचा, जणू भिंतीपलीकडे कोणी झोपलं आहे आणि त्याचा श्वास दिव्यात उतरला आहे. शेजारच्या अक्का त्या दिव्याखाली बसायला तयार नसत. "जीव असल्यासारखा जळतो गं," म्हणायच्या. तुम्ही मात्र घरी बसून नुसत्या दिव्यावरून ओळखायचात, की फायरमनला डुलकी लागली आहे.

पॉवरहाउसच्या मागे तुसाचा ढीग होता. ढीग कसला, टेकडीच. त्या वर्षी इंजिन थांबायचं नाही म्हणून गावोगावचा तूस आणून टाकला होता. मला त्या ढिगाची भीती वाटायची. वरून तो सोनेरी दिसायचा, पण सकाळी धुक्यात त्याच्या अंगातून वाफ निघायची. थंडीत कुत्री राखेच्या ढिगावर जाऊन झोपायची, या ढिगाकडे फिरकत नसत. तुम्ही सांगितलं होतं, की कधीतरी चिमणीतली ठिणगी पडून तूस आतल्या आत धुमसत जातो. ज्वाळा नाही, धूरही धड नाही. आत पोकळी होते आणि वरचं कवच तसंच राहतं. "वर कोणी चढायचं नाही," असं तुम्ही मॅनेजरला, हमालांना, सगळ्यांना बजावलं होतं. ढीग उकरून विझवून घ्या म्हणून मागेही लागला होता. मॅनेजर म्हणायचे, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, "पाऊस पडू दे."

आता ती दुपार. ऊन रणरणतंय. तुम्ही स्टुलावर बसून भात कालवताय आणि मी मागच्या दाराच्या पायरीवर, ढिगाकडे तोंड करून बसले आहे. इंजिनाचा तो घणघणाट. त्याची सवय झाली की माणसाला तो ऐकू येईनासा होतो. आणि त्या आवाजात, त्याच्या वर नव्हे, अगदी त्याच्या आत, मला एका बाईचा आवाज आला. "अहो, इकडे या."

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. तुम्ही जेवत होता. मला वाटलं, कोणा कामगाराची बायको त्याला बोलावते आहे. थोड्या वेळाने पुन्हा तेच. "अहो, इकडे या." घाबरलेला आवाज नव्हता. घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत देतात तशी हाक. मग माझ्या लक्षात आलं, की ती हाक मराठीत आहे. त्या गिरणीत कानडी होती, तमिळ होती, तेलुगू होती, पण मराठी बोलणारे तुम्ही एकटे. मी तुमच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, "मामंजी, इथं कोणी मराठी बाई कामाला लागली का?"

तुमचा घास हातातच राहिला. "का?"

"कोणीतरी हाक मारतंय. अहो, इकडे या, म्हणून."

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. मग हात न धुताच उठलात. "सकाळपासून मला ऐकू येतंय," तुम्ही म्हणालात. "तुझं बोलणं ऐकू येत नाही, फायरमनचं येत नाही, इंजिनसुद्धा अर्धंच येतं. ते मात्र स्पष्ट येतं. म्हटलं, कान गेले, आता डोकंही चाललं." आणि फायरमनला खूण केलीत: तूस बंद कर.

फायरमन घाबरला. इंजिन थांबलं तर उकडायला घातलेल्या भाताचे हौद तसेच राहणार, गिरणी बंद, गल्ली बंद, आणि पुन्हा वाफ चढवायला अर्धा दिवस. "अण्णा, मॅनेजरांना विचारतो." तुम्ही त्याला हाताने बाजूला केलंत आणि पन्हाळीची फळी स्वतः पाडलीत. काट्यावरची वाफ थोडी उतरायची वाट पाहिलीत. मग मला जवळ ओढून म्हणालात, "नीट ऐक. इंजिनाची वाफ तोडली की बॉयलरमधला दाब वाढत जाणार. मग सेफ्टी वाल्व सुटेल, आणि तो सुटला की कानठळ्या बसतील. तोवर जी शांतता मिळेल तेवढीच. माझ्याच्याने होणार नाही. तू ऐक."

तुम्ही वाफ तोडायचं चक्र फिरवलंत. ते मोठं चाक जड होत गेलं, पट्ट्याचा फटका सावकाश पडू लागला, भिंतीवरचे दिवे पिवळ्याचे तांबडे झाले, निखाऱ्यासारखे झाले आणि गेले. पलीकडे गिरणीची यंत्रं एकेक करून गप्प झाली. मी त्या जागी पहिल्यांदाच माझा स्वतःचा श्वास ऐकला. कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी ढिगासमोर जाऊन उभी राहिले.

हाक आली नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मान हलवली. आणि मग, अगदी बारीक, पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज. टक. टक. ढिगाच्या पोटातून. मी बोट दाखवलं आणि त्याच क्षणी वाल्व सुटला. एवढी वाफ गर्जत बाहेर पडली, की मी कान दाबून खाली बसले.

तुम्ही कोणालाही वर चढू दिलं नाहीत. फळ्या मागवून बाजूने तूस अडवला, कारण तो पाण्यासारखा पुन्हा पुन्हा खाली धावून येत होता. हमाल घमेल्यांनी उपसत होते, तुम्ही हातांनी. आतला तूस आधी तपकिरी, मग काळा, आणि मग पांढरा लागला. तो पांढरा मी विसरू शकत नाही. जळून गेलेला तूस आपला आकार सोडत नाही. प्रत्येक टरफल जसंच्या तसं, नुसतं राखेचं. फुंकर लागली की नाहीसं. त्या पांढऱ्यातून एक हात बाहेर आला. हातात कडं होतं, शेजारी तूस भरायचा पत्र्याचा डबा.

ती चुलीसाठी तूस न्यायला येणारी बाई होती. सकाळीच मागच्या बाजूने ढिगावर चढली, कवच फुटलं आणि ती आत गेली. घरी गेली असेल म्हणून कोणी शोधलंही नव्हतं. तळपाय भाजले होते, डोळे मिटलेले, पण जीव होता. मी तिचं तोंड पदराने पुसलं, पाणी पाजलं. शुद्धीवर येताच तिने विचारलं, "आ अम्मा एल्ली?" ती अम्मा कुठे आहे?

फायरमन हादरला. "आत अजून कोणी आहे?"

आहे, ती म्हणाली. माझ्या पाठीशी बसली होती. मला हाक मारता येत नव्हती, तोंड उघडलं की तूस जायचा. तिनेच माझी हनुवटी वर धरून ठेवली होती. हाकाही तीच मारत होती, मला कळत नव्हतं त्या भाषेत. कोण होती, विचारल्यावर म्हणाली, म्हातारी नव्हे. कच्चे घालून, म्हणजे काष्टा मारून, साडी नेसलेली.

तुम्ही हे ऐकलंत की नाही मला माहीत नाही. तिच्या ओठांकडे मात्र टक लावून पाहत होता. त्या बाईला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं आणि तुम्ही पुन्हा ढिगापाशी गेलात. सगळे मिळून उपसत राहिले. ऊन कललं. ढीग अंगणभर पसरला, पाणी मारून मारून चिखल झाला. आत कोणी नव्हतं. नुसती एक उबदार पोकळी, माणूस मांडी घालून बसेल एवढी. हमालांनी हात जोडले आणि ते निघून गेले. फायरमनही गेला. तुम्ही गुडघ्यांवर बसून उकरत होता. नखं काळी, बोटं सोललेली. मी तुमचा दंड धरला, आयुष्यात पहिल्यांदा. "मामंजी, चला घरी." तुम्ही वर न बघता म्हणालात, "एवढा कोपरा राहिलाय."

मी तुमच्या शेजारी बसले आणि तो कोपरा आपण दोघांनी उपसला.

हौदातला भात आंबला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी विचारलं, कोणाच्या हुकमाने इंजिन थांबवलं? तुम्ही म्हणालात, ऐकू आलं म्हणून. ते हसले. "तुम्हाला? ऐकू?" कान गेले या कारणाखाली तुम्हाला घरी बसवलं गेलं. बाई वाचली होती, त्यामुळे तुम्ही एका शब्दाने तक्रार केली नाहीत. ती बरी झाल्यावर एकदा घरी आली, पुढच्या खोलीच्या दारातच थबकली आणि फोटोकडे पाहून तिने हात जोडले. मी काही विचारलं नाही. तुम्ही मागच्या अंगणात होता, आणि मी तुम्हाला बोलावलं नाही, कारण तुम्ही तिला विचाराल आणि ती हो म्हणेल याचं मला भय वाटलं. की नाही म्हणेल याचं, ते आजही सांगता येत नाही.

त्यानंतर तुम्ही तो विषय एकदाच काढलात, शेवटच्या आजारात. मी पेज भरवत होते. तोपर्यंत तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून मी पाटीवर लिहून बोलायची. तुम्ही म्हणालात, "आवाज कसा होता गं? मला आता आठवत नाही." मी पेज बाजूला ठेवून पाटी घेतली. मग लिहिलं: घाईचा नव्हता. पान वाढलंय, म्हणून बोलावतात तसा. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि पाटी छातीवर उपडी ठेवून झोपलात.

गेल्या महिन्यात माझी नात मला तिच्या कामाच्या ठिकाणी घेऊन गेली होती. मी जे. पी. नगरला तिच्याकडेच असते आता. तुमकूरच्या वाटेवर त्यांचं मोठं पॉवरहाउस आहे, तूस आणि नारळाच्या शेंड्यांवर चालणारं. आगीजवळ कोणी उभं नसतं. तूस पट्ट्यावरून आपोआप येतो, इंजिनाच्या जागी टर्बाइन आहे, आणि पोरं काचेआड बसून पडद्यावर सगळं बघतात. मी तिला म्हटलं, पण वीज फिरण्यातूनच येते ना? "हो आजी, ते नाही बदललं." मग मी विचारलं, हे क्षणभर थांबवता येतं का. ती हसली. "असं कसं थांबवणार? आणि कशासाठी?"

नात निघायला बोलावेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला यंत्राचं कौतुक आहे. मी कान देऊन ऐकत होते, मामंजी. सासूबाईंनी तुम्हाला हाक मारली, आणि ती मलाही ऐकू आली, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तरी. तुमच्याजवळ तर मी इतकी वर्षं काढली, मग तुमचीही हाक येईल असं वाटलं होतं. नुसता घणघणाट होता. भीती वाटली नाही. तुमचा थोडा राग आला.